व्याचेस्लाव्ह चोर्नोव्हिल

व्याचेस्लाव्ह माक्सिमोविच चोर्नोव्हिल (२४ डिसेंबर १९३७ – २५ मार्च १९९९) हे युक्रेनियन पत्रकार, सोव्हिएत राजवटीतील राजकीय कैदी आणि युक्रेनच्या स्वातंत्र्य चळवळीचे अग्रणी नेते होते. सोव्हिएत कायद्याचाच आधार घेऊन सोव्हिएत सत्तेला जाब विचारणे, हे त्यांच्या कार्याचे वैशिष्ट्य होते.

प्रारंभिक जीवन

मध्य युक्रेनमधील येर्की या गावी एका शिक्षक दांपत्याच्या पोटी त्यांचा जन्म झाला. १९६० साली कीव विद्यापीठातून पत्रकारितेचे शिक्षण पूर्ण केल्यावर त्यांनी ल्विव्ह येथील दूरचित्रवाणी केंद्रात व पुढे कीवमध्ये वृत्तपत्रात काम केले. या काळात ते कोम्सोमोल या कम्युनिस्ट युवक संघटनेचे सदस्य होते.

संघर्ष आणि कारावास

१९६५ साली युक्रेनियन बुद्धिजीवींची धरपकड सुरू झाली. ४ सप्टेंबर रोजी कीवमधील एका चित्रपटगृहात इव्हान झ्युबा, वासिल स्तुस आणि चोर्नोव्हिल यांनी या अटकांचा जाहीर निषेध केला. पुढील वर्षी ल्विव्हमधील एका गुप्त खटल्यात साक्ष देण्यास चोर्नोव्हिल यांनी नकार दिला. बंद दाराआड चालणारा खटला सोव्हिएत कायद्यालाच धरून नाही, अशी त्यांची भूमिका होती. शिक्षा झालेल्या २० जणांची माहिती, पत्रे व लेखन त्यांनी एका ग्रंथात संकलित केले. १९६७ मध्ये हा ग्रंथ पॅरिसहून प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी त्यांना तीन वर्षांची शिक्षा झाली. सार्वत्रिक माफीमुळे ती निम्म्यावर आली.

१९७० साली त्यांनी 'उक्रायिन्स्की व्हिस्निक' हे भूमिगत नियतकालिक सुरू केले. जानेवारी १९७२ मधील अटकसत्रात ते पुन्हा पकडले गेले. मॉर्डोव्हियातील श्रमछावणीनंतर त्यांना याकुतियात हद्दपार करण्यात आले. तेथूनच १९७९ मध्ये ते युक्रेनियन हेलसिंकी गटात सामील झाले. १९८० मध्ये बनावट आरोपाखाली त्यांना पुन्हा तुरुंगात टाकण्यात आले. १९८५ साली ते युक्रेनला परतू शकले.

स्वातंत्र्य चळवळ

गोर्बाचेव्ह यांच्या काळात निर्बंध शिथिल होताच त्यांनी १९८७ मध्ये नियतकालिक पुनरुज्जीवित केले. सप्टेंबर १९८९ मध्ये कीव येथे स्थापन झालेल्या 'रुख' या जनआंदोलनाच्या प्रमुख नेत्यांत त्यांचा समावेश होता. मार्च १९९० च्या निवडणुकीत ते संसदेवर निवडून आले. एप्रिलमध्ये ते ल्विव्ह प्रांतिक परिषदेचे अध्यक्ष झाले. सोव्हिएत संघ अस्तित्वात असतानाच त्या प्रांताची सत्ता अशा रीतीने कम्युनिस्टेतर नेतृत्वाकडे गेली.

२४ ऑगस्ट १९९१ रोजी संसदेने स्वातंत्र्य घोषित केले. १ डिसेंबरच्या सार्वमतात ९० टक्क्यांहून अधिक मतदारांनी त्यास संमती दिली. त्याच दिवशी झालेल्या अध्यक्षीय निवडणुकीत मात्र कम्युनिस्ट पक्षाचे माजी पदाधिकारी लिओनिद क्रावचुक सुमारे ६२ टक्के मते मिळवून विजयी झाले. सुमारे २३ टक्के मते मिळालेले चोर्नोव्हिल दुसऱ्या स्थानी राहिले. ल्विव्हसह पश्चिमेकडील तीन प्रांतांतच त्यांना आघाडी मिळाली. स्वातंत्र्याची मागणी देशभर मान्य झाली, परंतु तिच्यासाठी तुरुंगवास भोगलेल्या नेत्याकडे सत्ता आली नाही.

अखेरची वर्षे आणि मृत्यू

पुढे राजकीय पक्ष झालेल्या 'रुख'चे नेतृत्व त्यांनी अखेरपर्यंत केले. १९९९ च्या प्रारंभी पक्षात फूट पडली. त्यानंतर काही आठवड्यांतच कीवजवळील बोरिस्पिल येथे त्यांची मोटार मालमोटारीवर आदळून त्यांचा मृत्यू झाला. अधिकृत तपासात हा अपघात ठरला, तथापि घातपाताचा संशय त्यांच्या सहकाऱ्यांच्या मनात कायम राहिला. २००० साली त्यांना मरणोत्तर 'युक्रेनचे वीर' हा किताब देण्यात आला.