केशवराव दाते : गद्य रंगभूमी ते 'कुंकू'

मराठी चित्रपटाच्या इतिहासलेखनात दिग्दर्शकांना व चित्रसंस्थांना जेवढे स्थान मिळाले, तेवढे चरित्र-अभिनेत्यांना मिळालेले नाही. नायक लोकांच्या स्मरणात राहतो आणि खलनायकाचीही आठवण काढली जाते; बाप, गुरू, वृद्ध शेजारी अशा भूमिकांमधून ज्यांनी बोलपटाला मराठी माणसाचा चेहरा व वाणी दिली, त्यांची नोंद मात्र श्रेयनामावलीपुरती उरते. केशवराव दाते यांच्याबाबत ही उपेक्षा अधिक खटकते. कारण त्यांच्या कारकिर्दीचा प्रश्न चित्रपटाच्या इतिहासाइतकाच मराठी नाट्यवाङ्मयाच्या इतिहासाशीही निगडित आहे.

रत्नागिरी जिल्ह्यातील आडिवरे येथे 1889 साली त्यांचा जन्म झाला. पोटापाण्यासाठी मुंबईत किरकोळ नोकऱ्या करून ते महाराष्ट्र नाटक मंडळीत दाखल झाले. संगीत नाटकाचा बहर असलेल्या त्या काळात ही मंडळी गद्य नाटके करीत असे. खाडिलकरांच्या 'कीचकवधा'ने 1907 मध्ये तिने महाराष्ट्र ढवळून काढला आणि पुढे सरकारने ते नाटक बंद पाडले. गडकऱ्यांचे 'प्रेमसंन्यास'ही रंगमंचावर आले ते याच मंडळीकडून. गद्य नटाला गाण्याचा आधार नसतो. प्रवेश रंगत नसेल तर पद घेऊन वेळ मारून नेण्याची सोय त्याला नाही. वाक्याची उठावणी, विराम आणि शब्दाचे वजन एवढीच त्याची सामग्री. केशवरावांनी प्रारंभीच्या काळात स्त्रीभूमिकांत नाव मिळवले. स्त्रीपार्टी नटाला आपल्या देहाच्या प्रत्येक हालचालीवर डोळस ताबा ठेवावा लागतो. वाणीची ही शिस्त आणि देहाचा हा संयम अशी दुहेरी शिदोरी घेऊन ते पुढील वाटचालीस लागले, हे ध्यानात घेतल्याखेरीज त्यांच्या चित्रपटीय अभिनयाचा उलगडा होत नाही.

1933 मध्ये स्थापन झालेल्या 'नाट्यमन्वंतर' या संस्थेच्या प्रवर्तकांत ते होते. ब्यर्नसनच्या नॉर्वेजियन नाटकावरून श्री. वि. वर्तक यांनी रचलेले 'आंधळ्यांची शाळा' हा संस्थेचा पहिला प्रयोग. स्त्रीभूमिका स्त्रियांनी करणे आणि दिवाणखान्यातील संभाषण दिवाणखान्यातल्यासारखेच बोलणे, ही त्यातील नवी दृष्टी होती. कधीकाळी स्त्रीभूमिकांनी नावारूपाला आलेला नटच ती प्रथा मोडणाऱ्यांच्या पंक्तीत बसला, ही गोष्ट मराठी रंगभूमीच्या स्थित्यंतराविषयी बरेच काही सांगून जाते. संस्था अल्पायुषी ठरली. तिने रुजवलेली बोलण्याची रीत मात्र टिकली, आणि केशवरावांपुरते पाहिले तर तिचा खरा कस चित्रपटात लागला.

पुण्यात स्थलांतरित झालेल्या 'प्रभात'ने 1934 मध्ये 'अमृतमंथन' काढला. तो मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत निघाला. हिंदीत राजगुरूची भूमिका चंद्रमोहन यांनी केली व त्यांचे डोळे देशभर गाजले. मराठी आवृत्तीतील राजगुरू केशवरावांचा होता. 1941 च्या 'शेजारी'तही तोच प्रकार घडला. मराठीत जिवा पाटील केशवरावांनी उभा केला, हिंदी 'पडोसी'त तीच व्यक्तिरेखा मजहर खान यांच्याकडे गेली. परिणामी मराठी भाषकांच्या कक्षेबाहेर या दोन भूमिकांची कीर्ती दुसऱ्यांच्या नावे जमा झाली. भाषा हेच ज्याचे माध्यम, त्या नटाला या द्वैभाषिक व्यवस्थेची किंमत अशी मोजावी लागली.

'कुंकू' (1937) मात्र याला अपवाद. त्याच्या हिंदी आवृत्तीतही, म्हणजे 'दुनिया न माने'तही, काकासाहेब वकील त्यांनीच रंगवला. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून घेतलेले हे कथानक सर्वपरिचित आहे : फसवणुकीने वृद्ध विधुराशी लग्न लावून दिलेली नीरा त्या लग्नाला मनाने व देहाने नकार देते. शांता आपटे यांची नीरा हा चित्रपटाचा कणा आहे, यात दुमत नाही. तथापि नीरेच्या बंडाला प्रतिपक्ष कोणता मिळाला, यावर त्या बंडाची उंची ठरते.

येथे देवलांच्या 'शारदे'ची आठवण अपरिहार्य आहे. 1899 मधील भुजंगनाथ हा उपहासाचा विषय होता. प्रेक्षक त्याला हसत, आणि सगोत्रतेचा शोध लागून लग्न मोडले की सुटकेचा निःश्वास टाकीत. काकासाहेबाला हसून मोकळे होता येत नाही. येथे लग्न लागून गेलेले आहे आणि वर हा समाजात मान असलेला, सुशिक्षित, एरवी सभ्य गृहस्थ आहे. भूमिका केली तेव्हा केशवराव अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. वार्धक्य दाखवण्यासाठी त्यांनी नाटकी कंप किंवा खोकला यांची फारशी मदत घेतली नाही. आरशापुढे मिशा काळ्या करणारा काकासाहेब प्रथम हास्यास्पद वाटतो. पण त्या आरशात त्याला जे दिसते, ते प्रेक्षकालाही हळूहळू दिसू लागते. चित्रपटात पार्श्वसंगीत नाही. केवळ प्रसंगातले आवाज ऐकू येतात, आणि भिंतीवरचे जुने घड्याळ जणू घरधन्याचेच आयुष्य मोजत राहते. अशा निःशब्द अवकाशात गद्य रंगभूमीवर विरामाचे मोल शिकलेला नट आपली सारी विद्या न बोलण्यात खर्च करतो. शकुंतला परांजपे यांनी केलेली समाजकार्यकर्ती मुलगी घरी येते, तेव्हा बापाच्या पवित्र्यातली ताठरता कशी सैल होत जाते, हे अभ्यासकाने मुद्दाम पाहण्यासारखे आहे.

शेवटी काकासाहेब आत्महत्या करतो आणि नीरेला पुनर्विवाहाची मोकळीक देतो. या शेवटावर आक्षेप घेता येतो, व तो रास्तही आहे. अपराधी स्वतःच दूर झाल्याने समाजाला उत्तर देण्याची पाळीच येत नाही, आणि सहानुभूतीचा काटा नीरेकडून त्याच्याकडे झुकतो. हा दोष कथानकाच्या रचनेचा मानावा लागेल. केशवरावांनी आपल्या परीने त्या अंताला भावविवशतेपासून वाचवले : त्यांचा काकासाहेब क्षमा मागत हिंडत नाही, आपण काय केले हे त्याला समजले आहे, एवढेच तो प्रतीत करून देतो. नीरेचा विजय त्यामुळे सोपा होत नाही. एका दुष्टाला नमवणे आणि एका भल्या माणसाला त्याचा अन्याय दाखवून देणे, यांत पुष्कळ अंतर आहे.

'शेजारी'तील जिवा पाटलाविषयी थोडे सांगणे पुरे. बुद्धिबळाच्या पटावर जुळलेली, धरणाच्या निमित्ताने तुटलेली आणि मृत्यूत पुन्हा सांधलेली ही मैत्री गजानन जागीरदार यांच्या मिर्झासमवेत त्यांनी साकारली. दोन वृद्धांचे अबोल रुसणे हा त्या चित्रपटाचा गाभा आहे.

शांतारामबापूंनी 1942 मध्ये 'राजकमल' उभारले, तेव्हा केशवरावही त्यांच्यासोबत राहिले. सावता माळ्याच्या चरित्रावरील 'भक्तीचा मळा' (1944) त्यांनी दिग्दर्शित केला; त्यात मास्टर कृष्णरावांची प्रमुख भूमिका होती. 'डॉ. कोटणीस की अमर कहानी'त (1946) ते डॉक्टरांचे वडील होते. 'झनक झनक पायल बाजे'मधील (1955) नृत्यगुरू मंगल महाराज ही त्यांची उत्तरकाळातील, हिंदी प्रेक्षकांना सर्वाधिक ठाऊक असलेली भूमिका. कलेपायी मुलाच्या मनाची कोंडी करणारा हा बाप काकासाहेबाचा दूरचा आप्त वाटतो, जरी पटकथेने त्याला आत्मपरीक्षणाची तेवढी संधी दिलेली नाही. 'राजकमल'मध्ये नव्या कलावंतांना संवाद बसवून देण्याचे कामही ते करीत. 1971 साली, वयाच्या ब्याऐंशीच्या सुमारास, त्यांचे निधन झाले.