विश्लेषण : डच फुटबॉलपटू आबे लेन्स्ट्रा आजही ‘आपला आबे’ का?

नेदरलँड्सचा महान फुटबॉलपटू म्हटले, की योहान क्रायफ यांचे नाव पुढे येते. पण देशाच्या उत्तरेकडील फ्रिसलँड प्रांतात त्याआधीपासून एक नाव घरोघरी आहे, आबे लेन्स्ट्रा. या प्रांताची फ्रिसियन भाषा डचहून वेगळी. त्या भाषेत लोक त्यांना ‘उस आबे’, म्हणजे ‘आपला आबे’ म्हणत.

पालिकेतला कर्मचारी

लेन्स्ट्रा यांचा जन्म २७ नोव्हेंबर १९२० रोजी हेरेनवेनचा. गावच्याच क्लबकडून ते किशोरवयात खेळू लागले. तेव्हा डच फुटबॉल हौशी होते, खेळून पैसे घेण्यास बंदी होती. त्यामुळे हा नामांकित आघाडीपटू पालिकेत नोकरी करत असे. परदेशी पैसे घेऊन खेळणाऱ्याला राष्ट्रीय संघाची दारे बंद होत. फास विल्क्स १९४९मध्ये इंटर मिलानला गेले आणि त्यांना ती किंमत मोजावी लागली. इटलीतून फिओरेंटिनाचा देकार लेन्स्ट्रा यांनाही होता. त्यांनी तो नाकारला. कमाईची वर्षे गावातच गेली. गावकऱ्यांच्या प्रेमाचे मूळ बहुधा इथेच आहे.

तो ६-५ चा सामना

७ मे १९५०. राष्ट्रीय विजेतेपदाच्या लढतींत हेरेनवेनसमोर बलाढ्य अॅमस्टरडॅमचा आयएक्स. पाहुणे ५-१ असे पुढे. सामना हातचा गेला असेच कुणालाही वाटले असते. पण हेरेनवेनने उरलेल्या वेळात पाच गोल केले आणि ६-५ असा विजय मिळवला. राजधानीला गावाने हरवले, ही गोष्ट फ्रिसलँडमध्ये आजोबा नातवाला सांगतात.

निवड समितीशी मात्र लेन्स्ट्रा यांचे फारसे जमले नाही. आपल्या पसंतीच्या जागेवरच खेळण्याचा हट्ट ते सोडत नसत. संघाबाहेर बसावे लागले तरी माघार नाही. काहींना तो अहंकार वाटे, फ्रिसियनांना ताठ कणा. तरीही ४७ सामन्यांत ३३ गोल ही त्यांची कामगिरी आहे. यातले दोन विशेष : १४ मार्च १९५६ रोजी डुसेलडॉर्फमध्ये जगज्जेत्या पश्चिम जर्मनीला नेदरलँड्सने २-१ असे हरवले, तेव्हा दोन्ही गोल ३५ वर्षांच्या लेन्स्ट्रा यांचे होते.

मग गाव सुटले कसे?

१९५४मध्ये नेदरलँड्समध्ये व्यावसायिक फुटबॉल सुरू झाले. लेन्स्ट्रा त्यानंतर पूर्वेकडील एन्स्खेडेच्या क्लबकडे गेले. १९५८मध्ये विजेतेपद अगदी हाताशी आले होते. डीओएसविरुद्धच्या निर्णायक सामन्यात ०-१ अशी हार झाली. राष्ट्रीय विजेतेपद त्यांना कधीच मिळाले नाही.

अखेरची वर्षे पक्षाघाताने चाकाच्या खुर्चीत गेली. २ सप्टेंबर १९८५ रोजी हेरेनवेनमध्येच त्यांचे निधन झाले. १९९४मध्ये तिथे उभ्या राहिलेल्या स्टेडियमला त्यांचे नाव आहे. आज त्याची आसनक्षमता २६ हजारांहून अधिक. गावची वस्ती जेमतेम ३० हजारांच्या आसपास.