सेवाव्रती रमाबाई रानडे

स्त्रीने हाती पुस्तक धरणे हाच अपराध मानला जात असे, त्या काळात स्वतः शिकून इतर भगिनींना स्वावलंबनाची वाट दाखविणाऱ्या सेवाव्रती म्हणजे रमाबाई रानडे.

त्यांचा जन्म २५ जानेवारी १८६२ रोजी आजच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथे कुर्लेकर घराण्यात झाला. १८७३ मध्ये महादेव गोविंद रानडे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे न्यायमूर्ती म्हणून कीर्ती पावलेल्या पतीने त्यांना अक्षरओळखीपासून शिकविले. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना हे मुळीच रुचले नाही. त्यांचा रोष सोसून, कोणाचाही अनादर न करता रमाबाईंनी मराठी व इंग्रजीचे अध्ययन केले. १८८४ मध्ये पुण्यात मुलींचे हायस्कूल निघाले. त्या प्रयत्नांतही त्यांचा सहभाग होता.

१६ जानेवारी १९०१ रोजी न्यायमूर्तींचे निधन झाले. वैधव्य म्हणजे घरातील अंधारा कोपरा, अशीच तेव्हाची रीत होती. काही काळ एकांतात घालविल्यावर मात्र रमाबाईंनी दुःखालाच सेवेचे रूप दिले. येरवड्याच्या तुरुंगातील स्त्री-कैद्यांना त्या भेटू लागल्या. १९०८ मध्ये मुंबईच्या सेवासदनाचे अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले आणि १९०९ मध्ये गोपाळ कृष्ण देवधर यांच्या सहकार्याने पुण्यात सेवासदन सुरू केले. त्याच सुमारास अमेरिकेत जेन ॲडम्स शिकागोच्या गरीब वस्तीत राहून ‘हल हाउस’ चालवीत होत्या. इकडे रमाबाईंनी आपल्या राहत्या घराची दारे गरजू स्त्रियांसाठी उघडली.

निराधार स्त्रीला केवळ अन्नवस्त्र देऊन त्या थांबल्या नाहीत. शिक्षण, शिवण, अध्यापन अशी विद्या तिच्या हाती दिली. परक्याची शुश्रूषा करणे कुलीन स्त्रीला कमीपणाचे वाटे, तरीही सेवासदनाच्या विद्यार्थिनींना त्यांनी ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेण्यास धाडले. लोकनिंदा झाली, कार्य थांबले नाही.

१९२० च्या सुमारास पुणे नगरपालिकेत सक्तीचे प्राथमिक शिक्षण फक्त मुलांपुरते ठेवण्याचा विचार पुढे आला, तेव्हा रमाबाईंच्या नेतृत्वाखाली स्त्रियांनी मोर्चा काढला. घरातही उघडपणे वाचण्याची चोरी असलेली मुलगी आता साऱ्या नगरातील मुलींसाठी रस्त्यावर उतरली होती.

१९२४ मध्ये त्यांची प्राणज्योत मालवली. १९६२ मध्ये जन्मशताब्दीनिमित्त भारत सरकारने त्यांच्या सन्मानार्थ टपाल तिकीट काढले. तथापि, मदत घेणाऱ्या हातांना मदत देण्याइतके समर्थ करणे, हीच खरी सेवा होय, हा त्यांच्या जीवनाचा बोध प्रत्येक सेवाभावी संस्थेने जपावा असा आहे.