कार्ल फॉन लिंडे : शीतयंत्राचे शिल्पकार

मासळीच्या बंदराजवळील बर्फाच्या कारखान्यावरून जातांना एखादे वेळीं नाकाला झोंबणारा व डोळ्यांत पाणी आणणारा वास येतो. प्रयोगशाळेंत नवसागर व चुना एकत्र तापवितांना हाच वास आपण अनुभवलेला असतो. हा वास अमोनिया वायूचा होय. जो वायु माणसाचा प्राण घेऊं शकतो, त्याच वायूला लोखंडी नळ्यांत कोंडून माणसाच्या सेवेस लावण्याचें काम ज्यांनीं शास्त्रशुद्ध रीतीनें केलें, त्या कार्ल फॉन लिंडे यांचें चरित्र येथें थोडक्यांत सांगावयाचें आहे.

लिंडे यांचा जन्म ११ जून १८४२ रोजीं बव्हेरियांतील बेर्नडोर्फ या लहानशा गांवीं झाला. त्यांचे वडील प्रॉटेस्टंट मंडळीचे पाळक होते. मुलानेंहि आपलाच मार्ग धरावा, अशी वडिलांची इच्छा होती. परंतु कार्लचा ओढा यंत्रांकडे होता. अखेर १८६१ सालीं त्याला झुरिच येथील तंत्रविद्यालयांत पाठविण्यांत आलें. उष्णताशास्त्राचे आद्य आचार्य क्लाउझियस आणि यंत्रशास्त्रज्ञ त्सॉयनर व रोलो हे तेथें त्याचे गुरु होते. उष्णता आपण होऊन थंड वस्तूकडून उष्ण वस्तूकडे कधींच जात नाहीं. तिला तसें न्यावयाचें तर श्रम खर्चावे लागतात, हें तत्त्व त्याच्या मनावर येथें बिंबलें. पुढील सारें आयुष्य या एका तत्त्वाच्या उपासनेंत गेलें, असें म्हटलें तरी चालेल.

विद्यार्थिदशा मात्र सुखानें संपली नाहीं. १८६४ सालीं विद्यार्थ्यांच्या एका निषेधांत भाग घेतल्यामुळें कार्लला पदवी न मिळवितांच विद्यालय सोडावें लागलें. रोलो या गुरूनें शिष्याला टाकिलें नाहीं. एका सूतगिरणींत उमेदवारी करण्याची सोय त्यानेंच लावून दिली. तेथून लिंडे बर्लिन येथील बोर्सिग यांच्या कारखान्यांत व १८६६ सालीं म्युनिक येथील क्राउस यांच्या नव्या आगगाडी-एंजिनांच्या कारखान्यांत गेले. त्याच वर्षीं हेलेन ग्रिम हिच्याशीं त्यांचा विवाह झाला. १८६८ सालीं म्युनिकच्या नव्या तंत्रविद्यालयांत ते अध्यापक झाले व १८७२ सालीं त्यांना प्राध्यापकपद मिळालें. डिझेल एंजिनाचा जनक रूडॉल्फ डिझेल हा पुढें त्यांच्याच हाताखालीं शिकला.

खनिज तेलापासून मेण वेगळें करण्यास योग्य अशा शीतयंत्रासाठीं बक्षीस ठेविल्याचें लिंडे यांच्या वाचनांत १८७० सालीं आलें. शीतयंत्रें त्या वेळीं अगदींच अज्ञात नव्हतीं. फ्रान्समध्यें कार्रे यानें १८५९ सालींच अमोनिया वापरून बर्फ केला होता. पण अशा यंत्रांना किती श्रम लागावेत व प्रत्यक्षांत किती वायां जातात, याचा हिशेब कोणी नीट मांडला नव्हता. लिंडे यांनीं तो मांडला आणि दोन निबंध प्रसिद्ध केले. ते वाचून बव्हेरिया व ऑस्ट्रिया येथील यवसुरेचे, म्हणजे बिअरचे, कारखानदार त्यांच्याकडे आले.

मद्याच्या कारखान्यासाठीं ही विद्या जन्मास यावी, याचें कांहीं वाचकांना नवल वाटेल. पण तेथील यवसुरा थंडींतच नीट आंबते. म्हणून बव्हेरियांत जवळजवळ तीन शतकें, १८५० पर्यंत, उन्हाळ्यांत ती करण्यास कायद्यानें बंदी होती. त्यानंतरहि तळ्यांवरील बर्फ हिवाळ्यांत कापून तळघरांत सांठवावा लागे, आणि हिवाळा सौम्य गेला कीं सारा धंदा अडे. निसर्गाच्या या लहरींतून सुटका हवी होती. कारण कांहींहि असो, त्यांतून जें यंत्र निघालें, त्यानें पुढें मांस, मासळी, दूध व फळें यांचें रक्षण केलें.

लिंडे यांचें पहिलें यंत्र आउग्सबुर्ग येथील कारखान्यांत तयार झालें व १८७४ च्या सुमारास म्युनिकच्या श्पाटेन कारखान्यांत त्याची परीक्षा झाली. त्यांत मेथिल ईथर नांवाचा वायु भरला होता. हा वायु ज्वालाग्राही असून हवेंत मिसळला तर ठिणगीनें त्याचा स्फोट होतो. दट्ट्याचा दांडा जेथून बाहेर येतो, तेथील सांधा पाऱ्यानें बंद करण्याची युक्ति लिंडे यांनीं योजिली होती. पण वायु पूर्णपणें आंत राहीना. दुसरा एखादा संशोधक यंत्र चाललें एवढ्यावरच समाधान मानता. लिंडे यांना हें पटलें नाहीं. जें यंत्र चालविणाऱ्याच्या उशाशीं स्फोट घेऊन बसतें, तें कारखानदाराच्या हवालीं कसें करावें?

म्हणून त्यांनीं नवें यंत्र आंखलें व मेथिल ईथर सोडून अमोनिया घेतला. हें यंत्र १८७६ सालीं सिद्ध झालें. पाऱ्याच्या जागीं त्यांनीं साधी रचना केली व सांध्यांत ग्लिसरीन भरून वायूची वाट बंद केली. पुढील वर्षीं ट्रिएस्ट येथील ड्रेहर यांच्या कारखान्यांत असें एक यंत्र बसविण्यांत आलें. तें तीस वर्षांहून अधिक काळ अव्याहत चाललें.

अमोनियाचे गुण पाहिले म्हणजे ही निवड किती विचारपूर्वक होती, तें कळतें. द्रवरूप अमोनिया साध्या हवेच्या दाबांत उणे ३३ अंश सेंटिग्रेडला उकळतो व उकळतांना भोंवतालची उष्णता ओढून घेतो. एक किलो द्रवाची वाफ होतांना शून्य अंशाच्या सुमारें चार किलो पाण्याचा बर्फ होईल इतकी उष्णता तो शोषितो. ती वाफ दट्ट्यानें दाबून पाण्यानें गार केली कीं पुन्हां द्रव होतो; तीस अंशांवर त्यासाठीं हवेच्या सुमारें बारापट दाब पुरतो. हें चक्र अखंड चालतें. शिवाय अमोनिया सहजासहजीं पेट घेत नाहीं. हवेंत त्याचें प्रमाण शेंकडा १५ ते २८ असेल तेव्हांच स्फोटाचें भय असतें. तांब्यापितळेला मात्र तो खातो, म्हणून नळ्या लोखंडाच्याच लागतात.

१८७९ सालीं लिंडे यांनीं प्राध्यापकाची निश्चिंत जागा सोडली आणि वीसबाडेन येथें शीतयंत्रांची कंपनी काढली. १८९० पर्यंत सातशेंहून अधिक यंत्रें विकलीं गेलीं. त्यानंतर ते पुन्हां म्युनिकला अध्यापनाकडे वळले. १८९५ सालीं त्यांनीं हवेचा द्रव करण्याचें यंत्र सिद्ध केलें, व १९०२ सालीं त्या द्रवापासून प्राणवायु वेगळा केला. १८९७ सालीं त्यांना सरदारकी मिळाली व नांवापुढें फॉन हें पद लागलें. १६ नोव्हेंबर १९३४ रोजीं, वयाच्या ९२ व्या वर्षीं, म्युनिक येथें त्यांचें निधन झालें.

त्यांच्या मागून फ्रेऑनसारखे वासरहित वायु आले व घरगुती शीतपेट्यांतून त्यांनीं अमोनियाला हुसकून लाविलें. पण फ्रेऑनच्या जातीचे अनेक वायु आकाशांतील ओझोनचें आवरण झिजवितात, असें पुढें आढळलें, आणि १९८७ सालीं मॉन्ट्रियल येथें राष्ट्रांनीं त्यांच्यावर बंधनें घातलीं. अमोनिया या दोषापासून मुक्त आहे. म्हणून मोठ्या शीतगृहांत आजहि तोच राबतो.

परंतु सेवक झाला तरी तो गरीब गाय नव्हे. हवेच्या दहा लाख भागांत अमोनियाचे ३०० भाग झाले कीं तेथें थांबणें जिवाला धोक्याचें मानितात. सुदैवानें याहून कितीतरी कमी प्रमाणांतच नाक इशारा देतें. तो इशारा वास नेहमींचाच म्हणून उडवून लावणें, ही शीतगृहांतील पहिली चूक होय. दुसरी चूक म्हणजे द्रवानें भरलेल्या नळीच्या दोन्ही टोकांच्या झडपा बंद करणें. द्रव तापून फुगतो व नळी फोडतो. तिसरी चूक यंत्रांत सांचलेलें तेल एकट्यानें, मुखवट्यावांचून काढणें. गळती झाली तर वाऱ्याच्या आडव्या दिशेनें दूर जावें. डोळ्यांत वायु गेल्यास निदान पंधरा मिनिटें स्वच्छ पाण्यानें डोळे धुवावे व वैद्याकडे जावें. वाफेवर पाण्याचा फवारा चालतो, कारण पाणी अमोनियाला झपाट्यानें शोषितें. पण जमिनीवर सांडलेल्या द्रवावर पाणी ओतूं नये, तो अधिकच उसळतो.

विद्यार्थिमित्रांनो, लिंडे यांची थोरवी त्यांच्या मानमरातबांत शोधूं नका. आपलें पहिलें यंत्र चालत असतांना त्यांतील धोका त्यांनीं स्वतःपाशीं कबूल केला व तें बाजूला सारून नव्यानें आरंभ केला, यांत ती आहे. उन्हाळ्यांत आपण थंड दूध पितों किंवा दूरच्या बागेंतील द्राक्षें खातों, तेव्हां कोठेंतरी एक मनुष्य नळ्यांच्या जाळ्यांत उभा राहून एका सांध्याकडे लक्ष ठेवीत असतो. त्याची दक्षता आणि लिंडे यांची दक्षता एकाच जातीची आहे. आपणांपैकीं जो कोणी पुढें यंत्राजवळ उभा राहील, त्यानें ती आपल्या अंगीं बाणवावी.