तारुण्याची गोळी देणारा डॉक्टर

पाळी गेल्यावरची चिडचिड, विसराळूपणा, उगाचच येणारं रडू, हे सारं गोळीने थांबतं असं अमेरिकेतल्या घराघराला पटवून दिलं ते डॉ. रॉबर्ट विल्सन यांनी. १८९५ साली इंग्लंडमध्ये जन्मलेले विल्सन न्यूयॉर्कमध्ये स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून नावारूपाला आले. आपली उत्साही आई त्या वयात आजारी आणि किरकिरी झाली, ही आठवण त्यांनी लिहून ठेवली आहे. ते दुःख खरं असावं. नुसत्या धंद्यासाठी माणूस एवढ्या पोटतिडकीने लिहीत नाही.

१९६६ साली त्यांचं 'फेमिनिन फॉरेव्हर' निघालं आणि ७ महिन्यांत १ लाख प्रती खपल्या. मधुमेहात इन्सुलिन कमी पडतं तसं या वयात इस्ट्रोजेन कमी पडतं, ते बाहेरून द्या, बाई पुन्हा टवटवीत होईल, असा त्यांचा दावा. गाभण घोडींच्या मूत्रापासून केलेलं हे औषध अमेरिकेत १९४२ पासून मिळत होतं. पुस्तकात एक प्रसंग आहे. ब्रुकलिनचा एक नवरा पिस्तूल घेऊन दवाखान्यात येतो. बायकोला बरी करा, नाहीतर तिला मारीन म्हणतो. विल्सन उपचार सुरू करतात, अर्थात बायकोवर!

मी बँकेत होते तेव्हा पन्नाशीच्या एका सहकारी बाईंची बेरीज चुकली की पुरुष मंडळी एकमेकांकडे बघून हसत. पुरुषाची चुकली तर ती नुसती चूक असे. बँकेने मला आणखी एक सवय लावली, पैसा कुणाचा हे आधी बघायची. विल्सन यांच्या पुस्तकाचा खर्च औषध बनवणाऱ्या कंपनीनेच केला होता, हे त्यांच्या मुलाने २००२ साली सांगितलं.

१९७५ मध्ये नुसतं इस्ट्रोजेन घेणाऱ्या बायकांत गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग वाढल्याचं दिसलं. मग ज्यांचं गर्भाशय शाबूत आहे त्यांना जोडीला दुसरं हार्मोन देऊ लागले. १९८१ साली विल्सन गेले. स्मरणशक्तीचा हिशेब लागला तो त्यांच्या पश्चात. अमेरिकेत ६५ वर्षांवरच्या ४,५३२ बायकांपैकी निम्म्यांना दोन्ही हार्मोन्स, निम्म्यांना खोटी गोळी देऊन पाहिली. २००३ मध्ये आकडे आले. स्मृतिभ्रंश झालेल्या ६१ जणींपैकी ४० हार्मोनवाल्या, २१ खोट्या गोळीवाल्या. नुकतीच पाळी गेलेल्या बायकांवरचा अभ्यास २०१५ साली छापून आला. ४ वर्षांत त्यांची स्मरणशक्ती सुधारली नाही, बिघडलीही नाही. तोंडाने गोळी घेणाऱ्यांची उदासी आणि काळजी मात्र थोडी कमी झाली.

मग विल्सन यांचं काहीच खरं नव्हतं का? होतं. अंगातून वाफा निघणं, रात्री घामाने भिजून जाग येणं, यावर आजही हार्मोनइतकं गुणकारी औषध नाही. झोप लागली की दिवसाची चिडचिड आणि विसरणं पुष्कळदा ओसरतं. म्हणून साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून १० वर्षांत, प्रकृती तपासून ते दिलं जातं. केवळ विसराळूपणा टाळायला ते घेऊ नये, असंच डॉक्टर सांगतात.

आमच्या त्या सहकारी बाई रात्री किती झोपत, हे आम्ही कुणी कधी विचारलं नाही. मीसुद्धा नाही.