हँडल हद्दपार करणारे केटरिंग

किल्ली फिरवावी किंवा बटण दाबावे आणि इंजिन सुरू व्हावे, याचे आज कोणालाच नवल वाटत नाही. बॅटरीची आठवण होते ती सेल्फ नुसताच टकटक करू लागला की. मग मेकॅनिकला दूरध्वनी, दुकानदाराच्या शिफारशी आणि घाईघाईत केलेली खरेदी, असा क्रम ठरलेला असतो. इंजिन सुरू करण्याचे काम बॅटरीवर यशस्वीपणे सोपविणारे अमेरिकन अभियंते म्हणजे चार्ल्स फ्रँकलिन केटरिंग. नवी बॅटरी कोणत्या कसोटीवर निवडावी आणि जुनीची विल्हेवाट जपून का लावावी, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्यांच्या चरित्रात सापडतात.

केटरिंग यांचा जन्म २९ ऑगस्ट १८७६ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात, लाउडनव्हिल गावाजवळच्या एका शेतकरी कुटुंबात झाला. बुद्धी कुशाग्र, पण दृष्टी अधू. डोळ्यांच्या विकारामुळे त्यांचे शिक्षण वारंवार खंडित झाले. काही काळ त्यांनी खेड्यातील शाळेत शिकविले. विद्यापीठातील शिक्षण सोडावे लागले, तेव्हा टेलिफोनच्या तारा टाकणाऱ्या तुकडीत काम केले. अखेर १९०४ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, त्यांनी ओहायो स्टेट विद्यापीठातून विद्युत अभियांत्रिकीची पदवी मिळविली.

त्यानंतर ते डेटन शहरातील नॅशनल कॅश रजिस्टर या कंपनीत दाखल झाले. दुकानातील गल्ल्याचे यंत्र तेव्हा हाताने दांडा फिरवून चालवावे लागे. केटरिंग यांनी त्याला विजेची मोटर बसविली. गल्ला उघडण्यास क्षणभरच जोर लागतो आणि नंतर मोटर स्वस्थ असते. त्यामुळे लहानशा मोटरवर क्षणभर तिच्या ताकदीपेक्षा जास्त भार टाकला तरी चालते, कारण ती तापण्यापूर्वीच काम संपलेले असते. ही साधी बाब पुढे मोटारउद्योगाचे चित्र पालटणार होती.

याच कंपनीतील सहकारी एडवर्ड डीड्स यांच्या घरामागील कोठारात केटरिंग आणि त्यांचे मित्र फावल्या वेळात मोटारींच्या सुट्या भागांवर प्रयोग करू लागले. त्यातूनच १९०९ मध्ये ‘डेल्को’ ही कंपनी उभी राहिली. इंजिनात ठिणगी पाडणारी त्यांची सुधारित यंत्रणा कॅडिलॅक कंपनीने स्वीकारली आणि कॅडिलॅकचे प्रमुख हेन्री लेलँड यांच्याशी त्यांचा संबंध जुळला.

त्या काळी मोटार सुरू करायची म्हणजे पुढे उभे राहून हँडल मारावे लागे. इंजिनाने उलटा झटका दिला की हँडल मनगटावर किंवा जबड्यावर आदळे आणि हाडे मोडत. लेलँड यांच्या एका स्नेह्याचा अशाच आघातानंतर मृत्यू झाला आणि त्यांनी हँडल हटविण्याचा निश्चय केला, अशी कथा मोटारविश्वात सांगितली जाते. कथेच्या तपशिलाबाबत मतभेद असले, तरी अशा दुखापती होत होत्या यात शंका नाही.

विजेच्या मोटरने इंजिन फिरवायचे तर ती इंजिनाएवढी अवजड लागेल आणि बॅटरीही गाडीभर होईल, असा तज्ज्ञांचा आक्षेप होता. केटरिंग यांना गल्ल्याचे यंत्र आठवले. इंजिन पेट घेईपर्यंतचे मोजके सेकंदच मोटरला काम करायचे होते. त्यांनी योजलेली मोटर प्रथम बॅटरीतील वीज घेऊन इंजिन फिरवी आणि इंजिन सुरू झाले की तीच डायनॅमो बनून बॅटरी पुन्हा भरी. दिव्यांनाही तीच वीज मिळे. कॅडिलॅकच्या १९१२ च्या मॉडेलमध्ये ही यंत्रणा बसविण्यात आली. हँडलचा त्रास नसणे हे विजेवर चालणाऱ्या तत्कालीन मोटारींचे मोठे आकर्षण होते; तेच आता पेट्रोलच्या मोटारीला लाभले आणि विजेच्या मोटारी हळूहळू मागे पडल्या.

शिसे आणि सल्फ्युरिक आम्लाची बॅटरी फ्रेंच शास्त्रज्ञ गॅस्टन प्लांते यांनी १८५९ मध्येच तयार केली होती. केटरिंग यांनी तिला मोटारीत नेमके काम दिले : थोडा वेळ, पण भरपूर प्रवाह. आजही बॅटरी निवडताना हेच सूत्र ध्यानात ठेवावे लागते. बॅटरीवरील अँपिअर-अवर हा आकडा ती किती वीज साठविते हे सांगतो, तर सीसीए हा आकडा कडाक्याच्या थंडीतही ती इंजिनाला किती जोराचा प्रवाह देऊ शकेल हे दर्शवितो. हे दोन्ही आकडे मोटारीच्या माहितीपुस्तिकेत दिलेल्या आकड्यांहून कमी असू नयेत. डिझेल इंजिनाला फिरण्यास अधिक जोर लागतो, म्हणून त्याची बॅटरीही मोठी असते. बॅटरीचा आकार आणि धन-ऋण टोकांची बाजू जुळते का, हेही पाहावे. सिग्नलवर आपोआप बंद-चालू होणाऱ्या इंजिनाला त्यासाठीच बनविलेली ईएफबी अथवा एजीएम प्रकारची बॅटरी लागते. तेथे साधी बॅटरी बसविल्यास ती लवकर निकामी होते.

बॅटरी बदलण्याआधी दोष तिचाच आहे याची खात्री करावी. टोकांवर चढलेला पांढरा-हिरवा थर, सैल जोडणी किंवा बिघडलेला अल्टरनेटर यांमुळेही सेल्फ लागत नाही. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या पूर्ण भरलेल्या बॅटरीचा दाब साधारण १२.६ व्होल्ट असतो. इंजिन चालू असताना तो १४ व्होल्टच्या आसपास दिसावा. तसा दिसला नाही, तर नवी बॅटरीही काही दिवसांत उतरेल. आपल्याकडे थंडीपेक्षा उष्णता बॅटरीचे आयुष्य अधिक वेगाने घटविते. विकत घेताना निर्मितीची तारीख अवश्य पाहावी, कारण बॅटरी दुकानात नुसती पडून राहिली तरी ती झिजते. बदलताना आधी ऋण टोकाची वायर सोडवावी आणि जोडताना ती शेवटी जोडावी.

केटरिंग यांच्या कर्तृत्वाला एक काळी किनारही आहे. १९२० पासून १९४७ पर्यंत ते जनरल मोटर्सच्या संशोधन विभागाचे प्रमुख होते. इंजिनातील ठोके थांबविण्यासाठी त्यांच्या हाताखालील टॉमस मिजली यांनी १९२१ मध्ये पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळण्याचा उपाय शोधला. ते विकण्यासाठी १९२४ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीचे अध्यक्ष केटरिंगच होते. त्याच वर्षी न्यू जर्सीतील कारखान्यात शिशाच्या विषबाधेने पाच कामगार दगावले. तरीही विक्री टिकली आणि मोटारींच्या धुरावाटे शिसे जगभर पसरले. लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा घातक परिणाम होतो, हे पुढील संशोधनातून स्पष्ट झाले. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० मध्ये बंद झाले. जगातील अखेरच्या पंपावरील त्याची विक्री २०२१ मध्ये अल्जीरियात थांबली.

विशेष म्हणजे कर्करोग संशोधनासाठी १९४५ मध्ये न्यूयॉर्क येथे स्थापन झालेल्या संस्थेलाही आल्फ्रेड स्लोन यांच्यासह केटरिंग यांचे नाव देण्यात आले. २५ नोव्हेंबर १९५८ रोजी डेटन येथे त्यांचे निधन झाले. लोकांची मनगटे वाचविणारा हा अभियंता शिशाचा धोका मात्र ओळखू शकला नाही, किंवा त्याने तो पुरेशा गांभीर्याने घेतला नाही.

शिसे पेट्रोलमधून गेले, पण बॅटरीत ते आजही आहे. साध्या मोटारीच्या बॅटरीत ते कित्येक किलो असते. बंद डब्यात ते निरुपद्रवी असते आणि कारखान्यात वितळवून जवळजवळ सर्व पुन्हा वापरताही येते. मात्र ती बॅटरी उघड्यावर फोडली, आम्ल गटारात ओतले आणि शिसे वस्तीलगतच्या भट्टीत वितळविले, तर तेच विष पुन्हा माती, पाणी आणि मुलांच्या रक्तात उतरते. म्हणूनच भारतातील २००१ च्या आणि त्यांची जागा घेणाऱ्या २०२२ च्या नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. जुनी बॅटरी चार पैसे अधिक देणाऱ्या भंगारवाल्याला न विकता अधिकृत विक्रेत्याकडेच जमा करावी. तिच्या मोबदल्यात नव्या बॅटरीच्या किमतीत सवलतही मिळते.