रक्ताचा सांठा करणारे वैद्य : डॉ. ऑस्वल्ड रॉबर्टसन

इस्पितळांत रक्ताच्या पिशव्या तयार असतात, ह्याचें आज आपणांस नवल वाटत नाहीं. परंतु ही सोय ज्यांच्या परिश्रमानें रणभूमीवर प्रथम साध्य झाली, त्या डॉ. ऑस्वल्ड होप रॉबर्टसन ह्यांचें चरित्र मननीय आहे.

त्यांचा जन्म इंग्लंडांतील वुलिच येथें १८८६ सालीं झाला. त्यांच्या बालपणींच कुटुंब अमेरिकेंत कॅलिफोर्नियास जाऊन राहिलें. हार्वर्ड येथें १९१५ सालीं वैद्यकाची पदवी मिळाल्यावर ते न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेंत पेटन राउस ह्यांच्या हाताखालीं काम करूं लागले.

शरीराबाहेर काढलेलें रक्त थोड्याच वेळांत गोठतें. गोठूं न दिलें तरी त्यांतील तांबड्या पेशी कांहीं दिवसांत फुटूं लागतात. राउस व टर्नर ह्यांनीं १९१६ सालीं प्रयोग करून दाखविलें कीं, सोडियम सायट्रेट व द्राक्षशर्करा ह्यांचें मिश्रण घातल्यास पेशी थंडींत कित्येक आठवडे टिकतात. सायट्रेट रक्तांतील कॅल्शियम बांधून ठेवतें, म्हणून रक्त गोठत नाहीं. शर्करेनें पेशींचें पोषण होतें.

पुढच्याच वर्षीं महायुद्धानिमित्त रॉबर्टसन फ्रान्समध्यें गेले. तेथें रक्तस्रावानें सैनिक प्राणास मुकत, आणि लढाईच्या ऐन गर्दींत रक्तदाता शोधण्यास अवकाश नसे. म्हणून त्यांनीं कोणासही चालेल अशा गटाचें रक्त आधींच घेऊन, त्यांत हें मिश्रण घालून, बाटल्या बर्फाच्या पेट्यांत ठेवल्या. १९१७ च्या नोव्हेंबरांत कांब्रेच्या लढाईंत हें रक्त जखमी सैनिकांस देण्यांत आलें, आणि जे शस्त्रक्रियाही सोसूं शकले नसते, त्यांपैकीं कित्येक वांचले. ह्या सेवेबद्दल ब्रिटिश सरकारनें त्यांना डी. एस. ओ. हें मानचिन्ह दिलें. पुढें त्यांनीं पेकिंग व शिकागो येथें अध्यापन केलें. १९६६ सालीं ते निवर्तले.

त्यांच्या कार्याचा विस्तार इतरांनीं केला. १९४३ सालीं लूटिट व मॉलिसन ह्यांनीं मिश्रणास सायट्रिक आम्लाची जोड दिली. आतां ॲडेनीन, मॅनिटॉल इत्यादि द्रव्यांच्या योगानें तांबड्या पेशी ४२ दिवस राखतां येतात.

दहा कुमारींच्या दाखल्यांतील शहाण्यांनीं वर येण्यापूर्वींच तेल जवळ ठेविलें होतें. रॉबर्टसन ह्यांनींही घायाळांची हांक येण्यापूर्वींच रक्त भरून ठेविलें. परोपकाराची इच्छा पुष्कळांस असते. परंतु तिच्यासाठीं आगाऊ तयारी करणारे थोडे. आपण त्या थोड्यांत असावें, हाच ह्या चरित्राचा बोध होय.